मुदतीआधी परतलो तेव्हा

त्या हिवाळ्यात मी गुडघे टेकणं सोडून दिलं होतं. आमच्या पंथात सकाळ-संध्याकाळ गुडघे टेकून, आपल्याच साध्या शब्दांत प्रार्थना करायची पद्धत आहे. घानामध्ये मिशनरी म्हणून राहत होतो तेव्हा मी ती एकदाही चुकवली नव्हती, अगदी तापाने फणफणलो असतानाही. पण लंडनजवळच्या क्रॉयडनला घरी परत आलो आणि पलंगाशेजारी उभा राहिलो की पाय वाकेचनात. देवावर माझा राग होता असं सांगणं सोपं आहे, पण तो राग नव्हता. ती लाज होती. त्याच्या नावाने घर सोडून गेलो आणि सोपवलेलं काम अर्धंही न करता परत आलो. आता त्याच्याशी बोलायचं तरी कुठल्या तोंडाने, हे मला कळत नव्हतं.

थोडं मागचं सांगायला हवं. आम्ही मूळचे नागपूरचे. माझ्या आजोबांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि आमच्या घरात त्या दिवसाबद्दल आवाज खाली आणून बोललं जाई. मी शाळेत असतानाच बाबांना इंग्लंडमध्ये नोकरी मिळाली, कौन्सिलच्या रस्ते विभागात इंजिनिअर म्हणून, आणि आम्ही तिघं क्रॉयडनला आलो. घरात रोज वंदना व्हायची. महिन्यातून दोन रविवार भाड्याच्या हॉलमध्ये आपली माणसं जमायची, मोठी माणसं भाषणं करायची आणि आम्ही मुलं मागच्या खुर्च्यांवर कंटाळायचो. माझं मराठी टिकलं ते बाबांमुळे. नागपूरहून येणारी जुनी वर्तमानपत्रं ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायचे आणि चुकलं की फक्त खाकरायचे.

मी सतरा वर्षांचा असताना आमच्या दाराशी पांढऱ्या शर्टातली दोन अमेरिकन मुलं आली. बाहेर धो धो पाऊस होता, दोघंही चिंब भिजलेली. आईने त्यांना आत घेतलं आणि सवयीने चहा टाकला. त्यांनी फार नम्रपणे सांगितलं की आम्ही मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती आहोत, आमच्यात चहा-कॉफी घेत नाहीत. आईला हा सरळ अपमान वाटला. चहा नको म्हणणारा पाहुणा तिने जन्मात पाहिला नव्हता. शेवटी तिने वेलदोडा घातलेलं गरम दूध दिलं, ते त्यांनी ओठांवर मिशा उमटेपर्यंत प्यायलं, आणि मग दर आठवड्याला ती मुलं येऊ लागली. मी शाळेत एकटा असायचो. तुला देवाला काय विचारावंसं वाटतं, हे त्यांनी मला विचारलं. तसं आजवर कुणीच विचारलं नव्हतं. वर्षभराने मी त्यांच्या पंथात जायचं ठरवलं आणि घाबरत घाबरत बाबांना सांगितलं.

बाबांनी हातातलं वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "आपल्या घरात धर्म बदलणं नवीन नाही. पण तुझे आजोबा मान ताठ ठेवून जगता यावं म्हणून तिकडे गेले. तू कशासाठी चाललायस, ते एकदा मला सांग."

मला तिथे शांत वाटतं, एवढंच मला सांगता आलं. ते "बरं" म्हणाले, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आमच्या पंथातली मुलं विशीच्या आसपास दोन वर्षं घर सोडून मिशनरी म्हणून सेवेला जातात. कुठे जायचं ते आपण ठरवत नाही. मला घाना मिळालं. बाबा हीथ्रोपर्यंत आले, माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि आईकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या पाया पडलो असतो तर बरं झालं असतं, असं मला विमानात बसल्यावर वाटलं.

मी राहिलो ते कुमासी शहराच्या कडेला. आम्ही नेहमी जोडीने असायचो. माझा जोडीदार होता एल्डर कमारा, सिएरा लिओनचा, माझ्याहून वर्षभराने मोठा, अंगाने किरकोळ आणि आवाजाने भारदस्त. आमच्यात तरुण मिशनऱ्यांनाही एल्डर म्हणतात, म्हणजे वडीलधारा. आम्हाला दाढीही धड येत नव्हती, त्यामुळे त्या शब्दाचं हसू यायचं. उजाडायच्या आत उठायचं, ग्रंथ वाचायचा, बादलीतल्या पाण्याने अंघोळ करायची आणि पांढरा शर्ट, टाय, छातीवर माझं आणि प्रभूचं नाव असलेली काळी पट्टी लावून बाहेर पडायचं. दिवसभर पायपीट. ते कोरडे महिने होते. वाळवंटाकडून वारा यायचा आणि सगळ्यावर तांबूस धूळ बसायची, कॉलरवर, पापण्यांवर, जिभेवर. सोमवारी सुट्टी असे. त्या दिवशी आम्ही अंगणात बसून शर्ट धुवायचो. माझे शर्ट कधीच पांढरे होत नसत, कमाराचे होत. तो म्हणायचा, तू साबणाला घाबरतोस. मग इंटरनेटच्या दुकानात जाऊन घरी एक ईमेल पाठवायची. आईच्या उत्तरात नेहमी एकच प्रश्न असे, काय जेवलास. बाबा आईच्या ईमेलखाली नुसतं आपलं नाव लिहीत.

लोक प्रेमळ होते, पण हिंदुस्तानी चेहऱ्याचा मिशनरी त्यांनी पाहिला नव्हता. बायका मला थांबवून हिंदी सिनेमांच्या गोष्टींचा अर्थ विचारत आणि मला त्यातलं त्यांच्याएवढंही माहीत नसे. हाताने जेवता येत होतं म्हणून मात्र माझा भाव वधारला. तिथे दारावर टकटक करत नाहीत. अंगणाच्या तोंडाशी उभं राहून "आगो" म्हणून हाक द्यायची. म्हणजे, येऊ का? आतून कुणी "आमे" म्हणालं की आत जायचं. दिवसाला कितीतरी वेळा मी ती हाक द्यायचो. लोक ऐकायला बसवायचे, पाणी द्यायचे, मान डोलवायचे आणि बहुतेक वेळा तिथेच ते संपायचं. आपण खरंच कुणाला काही देतोय का, ही शंका मला रोज दुपारी उन्हात यायची आणि संध्याकाळी प्रार्थनेत जायची.

वर्ष पुरं व्हायच्या आतच ते घडलं. बाजाराच्या रस्त्यावर टोमॅटो विकणाऱ्या एका बाईशी आम्ही बोलत होतो. तिचा चेहरा आठवतो, मग काहीच आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी धुळीत पडलेलो होतो, जीभ चावली गेली होती आणि कमारा माझं डोकं धरून मोठमोठ्याने प्रार्थना करत होता. माणसं लांब गोल करून उभी होती. काही जण नाकातोंडावर हात धरून होते. या आजाराच्या माणसाची थुंकी लागली तर आपल्यालाही होतो असं तिथे काही जण मानतात, हे मला पुढे कळलं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, आकडी म्हटलं की लोक आवाज खाली आणतातच. माझी पँट ओली झाली होती. छातीवर प्रभूच्या नावाची पट्टी, आणि खाली हे. कमाराने आपली बॅग माझ्यापुढे धरली आणि आम्ही तसेच खोलीपर्यंत चालत आलो. वाटेत तो एक शब्दही बोलला नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे.

त्यानंतर आणखी दोनदा असंच झालं. आमच्या वरिष्ठांनी मला फार मायेने वागवलं. इथे उपचार नीट होणार नाहीत, तू घरी जायला हवंस, तुझी सेवा सन्मानाने पूर्ण झाली असंच आम्ही मानतो, असं त्यांनी सांगितलं. सन्मान हा शब्द ऐकताना मी जमिनीकडे बघत होतो.

घरी आलो तर तिथेही सगळे जमिनीकडेच बघत होते. आईने ओळखीच्यांना सांगितलं की मलेरिया झाला म्हणून लवकर आला. तिला वाटत होतं की हे कळलं तर उद्या माझं लग्न होणार नाही, नोकरी मिळणार नाही. बाबा काहीच सांगत नव्हते, मलाही नाही. जेवताना माझा हात थरथरला की ते ताटाकडे बघत. मी त्याचा एकच अर्थ लावला, की आपल्या मुलाची त्यांना लाज वाटते. आमच्या चर्चमध्येही मला जावंसं वाटेना. मुदतीआधी परत आलेल्या मुलाने काहीतरी पाप केलं असणार, अशी शंका लोकांच्या मनात येते. कुणी बोललं नाही, पण "इतक्यात आलास?" हा प्रश्न मला दोन-तीन जणांनी विचारला आणि तेवढा पुरला. आमच्याकडे पगारी पुरोहित नसतात. आमचे बिशप, म्हणजे मंडळीचे प्रमुख, बॉयलर दुरुस्तीचा धंदा करायचे. ते कामाच्या कपड्यांतच मला भेटायला येत आणि मी वरच्या खोलीत झोपल्याचं सोंग घेई. येत्या रविवारी चार शब्द बोलशील का, असा निरोप त्यांनी आईजवळ ठेवला होता. परतलेले मिशनरी बोलतात, ती रीतच आहे. मी त्याआधीच संबंध तोडायचं ठरवलं.

त्यासाठी एका सकाळी कपाटातले सगळे पांढरे शर्ट एका पिशवीत भरले आणि जुने कपडे दान घेणाऱ्या क्रॉयडनच्या चॅरिटी शॉपमध्ये टाकून यायला निघालो. काळी पट्टीही त्यातच टाकली. आई कामावर गेली होती. ती एका शाळेच्या किचनमध्ये होती. एकट्याने बाहेर पडू नकोस असं मला बजावलेलं होतं. मी ट्राममध्ये चढलो. गर्दी होती, काचा धुक्यासारख्या झाल्या होत्या. मी दांड्याला धरून उभा होतो, पिशवी पायांशी होती. एवढंच मला माहीत आहे.

पुढचं बरंचसं मला नंतर सांगितलं गेलं. मी पडल्याबरोबर लोक मागे सरकले. कुणीतरी ड्रायव्हरला सांगायला धावलं. एका गृहस्थाने माझ्या दातांत पेन घालायला काढलं. तेवढ्यात खिडकीजवळ बसलेली एक बाई उठली, पेनाचा हात तिने बाजूला केला आणि ती सरळ खाली फरशीवर बसली. साठीच्या पुढची, चांगला फुलाफुलांचा इस्त्रीचा झगा, डोक्याला त्याच कापडाचा रुमाल बांधलेला. महत्त्वाच्या कामाला निघावं तशी ती तयार होऊन निघाली होती. तिने मला कुशीवर वळवलं, माझी शर्टांची पिशवी माझ्या डोक्याखाली सरकवली, अंगावरचा कोट काढून माझ्या कमरेवर पांघरला आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बोलत राहिली. घाबरले की मला इंग्रजी सुचत नाही, असं ती नंतर म्हणाली. म्हणून ती आपल्या भाषेत बोलत होती.

ती भाषा त्वी होती, कुमासीची.

मला आधी ऐकू आला तो तिचा आवाज. "कोसे, कोसे," असं ती म्हणत होती. दुसऱ्याला लागलं-खुपलं की तिथे असं म्हणतात. फिटमधून बाहेर येताना आपण कोण, कुठे हे काही वेळ कळत नाही. त्यात ते शब्द कानावर पडले आणि मला वाटलं मी कुमासीतल्या कुणाच्या तरी अंगणाच्या तोंडाशी उभा आहे आणि आत जायचं राहिलंय. मी डोळे न उघडताच म्हणालो, "आगो."

माझ्या पाठीवरचा तिचा हात थांबला. लंडनच्या ट्रामच्या फरशीवर पडलेल्या एका हिंदुस्तानी मुलाच्या तोंडून तिला आपल्या गावची हाक ऐकू आली होती. मग तिचं उत्तर आलं, "आमे."

मग मी दारोदारचं माझं ठरलेलं बोलणं सुरू केलं. आई, आम्ही प्रभूचे सेवक आहोत, तुमच्याशी दोन शब्द बोलू का? जीभ सुजलेली, उच्चार मोडके. ती माझ्या केसांवरून हात फिरवत त्वीमध्येच म्हणाली, "ये बाळा, आत ये. मी इथेच आहे."

पुढे मला इतकं मोठ्याने रडू आलं की अँब्युलन्सच्या माणसांना वाटलं मला कुठे तरी लागलंय.

तिचं नाव अजोआ. तिथल्या रीतीप्रमाणे मी तिला आंटी अजोआ म्हणू लागलो. ती अँब्युलन्समध्ये माझ्याबरोबर बसून हॉस्पिटलला आली. नाव-पत्ता सांगायला मी शुद्धीवर नव्हतो आणि एकट्याला कसं सोडू, असं ती म्हणाली. तिच्या धाकट्या भावाला हाच आजार होता. तो शिंपी होता, त्याचं लग्न झालं, त्याला नातवंडंही झाली, असं तिने मला तिथे पलंगाशेजारी बसून सांगितलं. या आजाराच्या माणसाला नातवंडं होतात, हे मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारच्या सुमाराला तिची मुलगी एफुआ आली, तान्ही मुलगी छातीशी बांधलेली. नुकतंच मोठं ऑपरेशन झाल्यामुळे ती वाकून चालत होती. मायलेकी पडद्याच्या पलीकडे त्वीमध्ये बोलू लागल्या. मला ती भाषा कळत असेल असं एफुआच्या मनातही आलं नसणार. माझं त्वी मोडकं, पण तेवढं पुरेसं होतं. मामा, वेळ टळून गेली, ती म्हणत होती. आता पुढची वेळ कधी मिळणार? परवा मुदत संपते. तू गेलीस तर मी या बाळाला घेऊन काय करू? तिचा आवाज रडवेला झाला होता. आंटी अजोआ एवढंच म्हणाली, "तो पडला होता. मी कुठे जाणार होते?"

मी आंटीला पडद्याआडून हाक मारली आणि काय झालं ते विचारलं. आधी तिने काही नाही म्हणून टाळलं. मी पुन्हा विचारल्यावर सांगितलं. ती लेकीच्या बाळंतपणासाठी घानाहून आली होती. मुलीची तब्येत बिघडली म्हणून राहण्याची मुदत वाढवून घ्यायची होती, आणि त्यासाठी त्या सकाळी क्रॉयडनच्या व्हिसा कचेरीत तिला वेळ दिलेली होती. मोठ्या मुश्किलीने मिळालेली वेळ. निघताना बाळाने अंगावर दूध काढलं, कपडे बदलण्यात आधीची ट्राम चुकली, म्हणून ती माझ्या ट्राममध्ये होती.

घरी आल्यापासून मी लाजेत राहत होतो. पण आतापर्यंतची लाज माझी एकट्याची होती. आता माझ्या पडण्याची किंमत एक परकी बाई आणि तिची आजारी लेक देणार होत्या. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. देवा, तू मला आफ्रिकेत लोकांच्या कामी येऊ दिलं नाहीस, आणि इथेही मी लोकांच्या वाटेतच पडतो, असं मी मनात म्हणालो. कितीतरी आठवड्यांनी मी त्याच्याशी बोललो ते हे.

बाबा आले ते थेट रस्त्याच्या कामावरून, कौन्सिलचं पिवळं जाकीट अंगात तसंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दोघींकडे. मी मराठीत त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं ते नेहमीसारखे गप्प राहतील. खिशातून गाडीची किल्ली काढत ते इंग्रजीत आंटीला म्हणाले, "चला. कचेरी अजून उघडी असेल."

मला डॉक्टरांनी घरी जायला सांगितलंच होतं. तू गाडीत बस, असं बाबा म्हणाले, पण मी ऐकलं नाही. अंगात पिशवीतला पांढरा शर्ट, खाली हॉस्पिटलचा पायजमा, त्यावर कोट, असा मी त्यांच्यामागे कचेरीत शिरलो. मोठा हॉल, ओळीने खुर्च्या, बसलेली कितीतरी माणसं. खिडकीमागच्या तरुण मुलीने अदबीने सांगितलं की यांची वेळ सकाळी होती, ती होऊन गेली आहे. तिचं काही चुकत नव्हतं.

बाबांचा आवाज रस्त्यावर माणसांना हाका मारून तयार झालेला होता. तो त्यांना खाली आणता येत नसे, म्हणूनच कदाचित ते घरी कमी बोलत. ते म्हणाले, "मॅडम, ह्या वेळेवर निघाल्या होत्या. माझा मुलगा ट्राममध्ये पडला. त्याला फिट येतात. सगळे बाजूला झाले, ह्या खाली बसल्या. ह्यांची वेळ माझ्या मुलाला मिळाली. ती ह्यांना परत द्यावी, एवढंच मागायला आलो आहे."

सगळ्या हॉलने ते ऐकलं. माझ्या मुलाला फिट येतात. हे वाक्य त्यांनी याआधी कुणासमोर, माझ्यासमोरही उच्चारलं नव्हतं. मी पायांतल्या हॉस्पिटलच्या सपातांकडे बघत उभा राहिलो. आता माणसं माझ्यापासून सरकतील, असं वाटलं. शेजारच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्या शीख गृहस्थांनी आपली पिशवी उचलली आणि ती खुर्ची थोपटून मला बसायची खूण केली.

ती मुलगी आत जाऊन कुणाशी तरी बोलून आली. सगळी कामं संपल्यावर बघू, थांबायची तयारी आहे का, तिने विचारलं. आम्ही थांबलो. आंटी अजोआने पर्समधून बिस्किटं काढून सगळ्यांना दिली. तिने बाबांना विचारलं, तुमचा मुलगा आमच्या देशात देवाचं काम करत होता ना? बाबा म्हणाले, "हो, वर्षभर होता. चांगलं काम केलं त्याने." वर्ष पुरं झालं नव्हतं, आणि माझ्या कामाबद्दल त्यांना मी आईला पाठवलेल्या ईमेलांपलीकडे काही माहीत नव्हतं. दुरुस्ती करायच्या ऐवजी मी हातातलं बिस्किट खाल्लं.

शेवटी तिला आत बोलावलं. एफुआही गेली. खुर्च्या जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. मी बाबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला माझी लाज वाटते ना?"

ते समोरच्या बंद खिडकीकडे बघत होते. "लाज वाटते," ते म्हणाले. "तू पडतोस आणि मला काही करता येत नाही, याची वाटते. लाज वाटली की मी गप्प बसतो. तुला ते दुसरंच वाटलं असेल." मग त्यांनी माझ्या कोटाची वरची गुंडी लावली, मी लहान असताना लावायचे तशी, आणि म्हणाले, "आज त्या बाईने जे केलं, ते बापाने करायचं. मला शिकव, तू पडलास की काय करायचं असतं."

मी त्यांचा हात घेऊन माझ्या पाठीवर ठेवला, आंटीने ठेवला होता तिथे. असं, मी म्हणालो. त्यांनी तो तसाच राहू दिला. त्या वेळी माझ्या मनात शब्द नव्हते, पण ती प्रार्थना होती यात मला शंका नाही, आणि शेजारी बसलेला माणूस पंचशील म्हणणारा होता याने तिच्यात काही कमी पडलं नाही.

आंटीचा अर्ज मुदतीत दाखल करून घेतला गेला. मागितली तेवढी मुदत पुढे मिळाली नाही, पण बाळ बसू लागेपर्यंत आणि एफुआ सरळ चालू लागेपर्यंत ती इथे राहिली. त्या काळात आई दर शनिवारी डबा घेऊन तिच्याकडे जायची. दोघींना एकमेकींचं इंग्रजी नीट कळत नसे, तरी तासन्‌तास बोलत. त्यातल्या एका शनिवारनंतर आईने रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये जमणाऱ्या बायकांना आपणहून सांगितलं की मलेरिया नव्हता. तेव्हा दोघी जणींनी तिला बाजूला घेऊन आपापल्या घरातही हाच आजार असल्याचं सांगितलं.

बिशपांनी बोलायला बोलावलं होतं तो रविवार मात्र सोपा नव्हता. मी चर्चमध्ये बोललो. मला फिट येतात, मी पडतो, म्हणून परत आलो, मला काम पुरं करता आलं नाही, एवढं सांगितलं आणि आंटीची गोष्ट सांगून खाली बसलो. अजूनही लाज वाटत होती. नंतर बिशपांनी हात हातात घेतला आणि काही विचारलं नाही. मागच्या बाकावर आई-बाबा बसले होते, बाबा टाय लावून. प्रार्थनेच्या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत, पण मान खाली घातली.

आंटी अजोआ ट्रामच्या त्याच डब्यात का होती, याचा उलगडा मी करू पाहत नाही. ज्यांना योगायोग म्हणायचं त्यांनी तसं म्हणावं, मी वाद घालत नाही. मी इतकंच सांगू शकतो की मी प्रभूचं नाव टाकून द्यायला निघालो होतो आणि तेवढ्यात मला त्या भाषेत हाक ऐकू आली, जी त्याच्याच कामासाठी मी शिकलो होतो. मी कुमासीत किती लोकांना काय दिलं ते मला माहीत नाही. मला मात्र तिथूनच मिळालं. आंटी घानाला परतल्यावर काही वर्षं आमचं फोनवर बोलणं होत असे. ती वारली तेव्हा एफुआने आम्हाला सर्वांत आधी कळवलं, आणि बाबांनी त्या संध्याकाळी वंदना झाल्यावर तिचं नाव घेतलं.

लाज पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. चारचौघांत पडण्याची लाज जात नाही. पण तिच्याशी भांडणं मी सोडलं, आणि गुडघे पुन्हा टेकू लागले. औषधं बदलल्यापासून फिट क्वचितच येते, आणि येण्याआधी हल्ली थोडं कळतं. पूर्वी मी दांडा घट्ट धरायचो, दात आवळायचो, कुणाला दिसू नये म्हणून दाराकडे सरकायचो. आता तसं करत नाही. जिथे असेन तिथे खाली बसतो, ट्रेनमध्ये, दुकानात, एकदा तर ऑफिसच्या लिफ्टमध्ये, आणि शेजारी जे कुणी असेल त्याला सांगतो की मी पडणार आहे, कृपा करून थोडा वेळ माझ्याजवळ थांबा. मग स्वतःला त्याच्या हवाली करतो. डोळे उघडतात तेव्हा दर वेळी चेहरा निराळा असतो. पण आजवर एकदाही असं झालं नाही, की जवळ कुणी नव्हतं.